खापरावर नसलेली मात्रा

नाणी चकचकीत होती. टेबलावर पांढरं फडकं अंथरून ती ओळीने मांडली होती आणि टेबलफॅनचं तोंड त्यांच्याकडे वळवलं होतं, जणू पाहुणी तीच. मी पिशवीतून भिंग काढलं, पहिलं नाणं बघितलं आणि भिंग परत पिशवीत ठेवलं. मग पाणी मागितलं.

"कशी काय वाटली?" घाणेकर साहेबांनी विचारलं. ते तिथले साइट इंजिनियर. चेहऱ्यावर यजमानाचं समाधान होतं.

"साफ कुणी केली?"

"आमच्या फोरमनने. फर्स्ट क्लास हात आहे त्याचा."

मी खुर्चीत बसलो. रायपूरहून पॅसेंजरने उभ्याने आलो होतो आणि स्टेशनपासून पुढे एका ट्रकच्या केबिनमध्ये चौघांत दाटून. लाल धूळ कानात, नाकात, डब्यातल्या पोळीतसुद्धा गेली होती. एवढी यातायात ज्या गोष्टीसाठी केली, ती नाण्यांवरून पुसली गेली होती. मला राग यायला हवा होता, पण रागावण्याइतकं त्राण अंगात नव्हतं.

मी तेव्हा सरकारी वस्तुसंग्रहालयात नाणी विभागात सहायक होतो. मूळचा नागपूरचा. छप्पन्न साली नवं राज्य झालं तेव्हा कपाटं आणि फायली रायपूरला आल्या, त्यांच्याबरोबर मीही आलो. कुठे नांगराला किंवा कुदळीला जुनी नाणी लागली की तहसील कचेरी आम्हाला कळवायची आणि आमचे साहेब मला पाठवायचे. भिलाईत पहिली भट्टी पेटायच्या आधीचा तो उन्हाळा. गावंच्या गावं उकरली जात होती, त्यामुळे मला दर थोड्या दिवसांनी बोलावणं यायचं. निघायचे बहुतेक वेळा राणीच्या छापाचे पैसे, नाहीतर बैलाच्या गळ्यातलं घुंगरू. एकदा कुणा रशियन माणसाच्या कोटाचं बटण निघालं होतं. त्याचाही मी रीतसर अहवाल लिहिला.

या खेपेला मात्र गोष्ट वेगळी होती. भिलाईजवळ मरोद्याच्या बाजूला पाइपसाठी चर खणताना मडकं फुटलं आणि आत तांब्याची नाणी सापडली. काम एका खाजगी ठेकेदार कंपनीचं होतं. ती कंपनी आता राहिलेली नाही, तेव्हा नाव घेण्यात अर्थ नाही. तहसीलच्या कारकुनाने फोनवर वर्णन सांगितलं, लहान, जाड, हिरवी, एका बाजूला बैल, दुसरीकडे कसलीशी अक्षरं. बैल आणि अक्षरं म्हटल्यावर मी ताठ बसलो. आहेत तशी ठेवा, पाणी लावू नका, मी येतो, असा निरोप दिला. पुरून निघालेल्या तांब्याला ओल सोसत नाही.

घाणेकरांनी फोरमनला बोलावून घेतलं. रामटेके त्यांचं नाव, भंडाऱ्याकडचे. उंच, शांत माणूस, हातांवर ॲसिडचे फटफटीत डाग. मी विचारलं की पाणी लावू नका असा निरोप मिळाला नव्हता का.

"मिळाला ना साहेब. पानी लावलंच नाई," ते म्हणाले. "ॲसिड मारलं. मंग सोड्यात टाकले, मंग गोनपाटानं घासून तेल लावलं. मधात धुवाले पानी लागते, पन तुमी नाई म्हनलं म्हनून ते बी नाई केलं."

ते अगदी सरळ मनाने सांगत होते.

हे नीट समजावून सांगायला हवं. त्या यार्डात पाइपांचं पिकलिंग चाले. नवा पाइप कारखान्यातून येतो तेव्हा त्याच्या अंगावर काळी खपली असते, वर गंज असतो. ती खपली आत राहिली तर पुढे तेलाबरोबर मशीनमध्ये जाते आणि मशीन बसतं. म्हणून पाइप ॲसिडच्या टाकीत बुडवतात, मग पाण्याने धुऊन सोड्यात, मग तेल लावून ठेवतात. पिकलिंग ते हेच. लोणच्याशी संबंध नाही, पण आंबट दोन्हीकडे आहे. रामटेके त्या टाकीचे फोरमन होते. साइटवर बडे पाहुणे येणार होते, घाणेकरांना नाणी दाखवायची होती, आणि नाण्यांवर तर हिरवा गंज. जे पाइपाचं केलं तेच त्यांनी नाण्यांचं केलं, एकही पायरी न गाळता. माझ्या सांगण्यावरून गाळली ती एक धुण्याची.

"थो सारा जंगच होता साहेब," रामटेके म्हणाले. "आता पाच वर्स काई होत नाई त्याइले."

पंचाईत अशी की तांब्यावरचा हिरवा थर हा नुसता गंज नसतो. शेकडो वर्षं जमिनीत राहिलं की तांबं वरून वरून त्या थरात बदलत जातं. नाण्यावरचं बारीक अक्षर पुष्कळदा त्या हिरव्या थरातच शिल्लक असतं, खालच्या धातूत नसतं. थर काढला की अक्षरही गेलं. आम्ही असं नाणं बाभळीच्या काट्याने, दिवसदिवस बसून कण कण मोकळं करतो. इथे ते काम टाकीने हां हां म्हणता केलं होतं.

माझा जीव अक्षराच्या एका काडीत अडकला होता आणि त्या काडीमागे एक माणूस होता. आठल्ये सर. नागपूरला मला संस्कृत त्यांनी शिकवलं. माझ्या विद्यार्थिदशेपासून सर एका पुराणाची संशोधित प्रत तयार करत होते. म्हणजे जितक्या पोथ्या मिळतील तितक्या जमवायच्या, ओळ ओळ ताडून बघायची आणि मूळ शब्द कोणता असावा ते ठरवायचं. पोथी ही नकलेची नक्कल असते. एकाने डुलकी घेतली की पुढचे सगळे तीच डुलकी इमानाने उतरवून घेतात. त्या पुराणात राजवंशांची यादी आहे आणि त्यात कोसल देशाच्या, म्हणजे याच आमच्या छत्तीसगडच्या बाजूच्या, एका राजघराण्याचं नाव येतं. काही पोथ्यांत ते मेघ आहे, काहींत मघ. फरक एका मात्रेचा.

सरांनी मेघ धरलं होतं. कारण भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून त्यांनी स्वतः शोधून आणलेल्या पोथीत मेघ होतं, आणि ती पोथी बाकी सगळ्या पोथ्यांची आई आहे असं त्यांचं मत होतं. दुसऱ्या बाजूचे पंडित म्हणत की मघच बरोबर. तसं असेल तर सरांची पोथी आई ठरत नाही. आईच्या पोथीत चूक आणि लेकींच्या पोथीत बरोबर, असं सहसा होत नाही. म्हणजे ती मात्रा पडली की सरांच्या प्रस्तावनेचा निम्मा डोलारा पडणार. पुस्तक छापायला गेलं होतं. प्रुफं येत होती. सरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन धड झालं नव्हतं आणि बाटलीच्या बुडासारखा चष्मा लावून ते ती वाचत होते.

इथे नाण्याचा उपयोग होतो. नाणं राजाच्या हयातीत पाडलं जातं. त्याच्यावरचं अक्षर मधल्या काळात कुणी उतरवून घेतलेलं नसतं. आणि या घराण्यातल्या राजांच्या नावांच्या शेवटी घराण्याचं नाव येतं. त्या घराण्यातल्या कुणा राजाचं नाणं हाती आलं आणि नावाची शेवटची दोन अक्षरं वाचता आली, तर दोन्ही बाजूंनी मुकाट बसायचं. बैलछापाची ती नाणी त्याच घराण्याची असावीत असा माझा अंदाज होता.

अंदाज बरोबर निघाला. तिथेच टेबलाशी बसून मी सगळी नाणी पाहिली. राजाचं नाव पुढून झिजलेलं, पण शेवट दिसत होता. लिपी ब्राह्मी. ब्राह्मीतला म म्हणजे खाली गाठ आणि वर दोन शिंगं. घ म्हणजे तीन दातांची फणी. मे लिहायचा असेल तर म च्या डाव्या शिंगाला बाहेरून एक आडवी काडी येते, केसाएवढी. ती काडी एकाही नाण्यावर नव्हती.

"मग झालं तर," घाणेकर म्हणाले. "नाही म्हणजे नाही. लिहून टाका."

"तसं लिहिता येत नाही. काडी नव्हतीच, की होती आणि टाकीत गेली, कशावरून सांगणार?"

"म्हणजे आमच्यामुळे?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तुम्ही म्हणणार नाही हो, पण लिहाल," ते म्हणाले. मग जरा वेळाने त्यांनी चहा मागवला. माणूस वाईट नव्हता. त्याला वेळेत पाइप टाकायचे होते, पाहुणे खूश करायचे होते आणि सुरुवातीपासून तो एका तंबूत राहत होता. त्याच्यापुढे हिरवा थर, ब्राह्मी आणि पुराण घेऊन बसलेला मी मलाच खुळा वाटायला लागलो.

सरांना मी सगळं जसंच्या तसं कळवलं. उलट टपाली उत्तर आलं. अक्षर वेडंवाकडं, पण आनंद लपत नव्हता. त्यांचं म्हणणं असं की, साक्षीदाराची जीभच कापलेली असल्यावर त्याची साक्ष कुणाच्या विरुद्ध धरता येत नाही, तेव्हा मेघ कायम, आणि छापखान्याला पुढे चला म्हणून सांगितलं आहे. शेवटी त्या फोरमनला माझे आशीर्वाद सांग असंही लिहिलं होतं. मी हसलो. खरं सांगायचं तर मलाही हायसं वाटलं. सर खूश, घाणेकर खूश, आमचे साहेब खूश, कारण संग्रहालयात ठेवायला चकचकीत नाणी मिळाली. कुणालाच आणखी काही नको होतं.

पण आमच्या अहवालात मडक्याचं वर्णन लागतं. किती मोठं, भाजणी कशी, माती कोणती. ते नसेल तर हिशेब तपासणारे अहवाल परत पाठवतात. त्या एका रकान्यासाठी मी पुन्हा भिलाईला गेलो. उन्हाचा तडाखा आणखी वाढला होता. घाणेकर म्हणाले, मडकं? ते कोण ठेवतो? रामटेक्यांनी सांगितलं की खापऱ्या चरात परत गेल्या, पण मडक्याचं बूड धड होतं, ते त्यांनी घरी नेलं होतं.

सुपेल्याच्या बाजाराच्या मागे त्यांची खोली. पत्रा, बांबूचे तट्टे, दारापुढे सारवलेली जागा. तिथेच ते बूड होतं. रामटेक्यांच्या बायकोने त्यात माती भरून पुदिना लावला होता आणि तो फोफावला होता.

"हे रिकामं करून पाहिजे होतं," मी म्हणालो.

"कावून?" त्या म्हणाल्या.

मी कारण सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका मात्रेसाठी जिवंत पुदिना उपटायचा आहे, हे दारात उभं राहून सांगणं सोपं नाही.

"सरकारी काम आहे," रामटेके मदतीला आले.

"सरकारले खापर कावून लागून राहिलं आता? जमीन घेतली, चर खनला, नाणे नेले. माहा पुदिना तेवढा राहिला होता." पण बोलता बोलता त्यांनी आतून एक डालडाचा डबा आणला आणि मुळं न तोडता पुदिना मातीसकट त्यात उतरवला. हात इतका हलका की एक पान गळलं नाही.

मी बूड पुसलं. पाणी न लावता, कोरड्या कपड्याने. आतल्या बाजूला हिरवे डाग होते. मी ते उन्हात धरलं आणि मोजमापं घ्यायचं विसरलो.

तळाशी असलेली नाणी शतकानुशतकं मडक्याला चिकटून बसली होती. त्यांचा हिरवा थर मडक्याच्या अंगावर उतरला होता. नाणी उपटून निघाली तेव्हा थराची साल मडक्यावरच राहिली आणि त्या सालीवर नाण्याचा ठसा. उलटा, पण स्वच्छ. या ठशाला टाकी ठाऊक नव्हती, सोडा ठाऊक नव्हता, गोणपाट ठाऊक नव्हतं. दोन ठसे होते, शेजारी शेजारी.

"आरसा आहे का?" मी विचारलं.

रामटेक्यांनी दाढीचा आरसा खिळ्यावरून काढून दिला. ठसा उलटा असतो, म्हणून आरशात सुलटा वाचता येतो. मी उंबऱ्यावर बसून एका हातात खापर आणि एका हातात आरसा धरला. म ची गाठ होती. दोन्ही शिंगं होती. घ चे तीनही दात होते, त्यातला मधला इतका बारीक की श्वास लागला तर पुसला जाईल असं वाटलं. डाव्या शिंगाबाहेरची जागा मोकळी होती. दुसऱ्या ठशातही मोकळी. ज्या सालीवर मधल्या दातासारखी रेघ टिकली, तिथे काडी असती तर टिकली असती.

"भेटलं का साहेब, पायजे होतं ते?" रामटेक्यांनी विचारलं.

"मिळालं," मी म्हणालो. "पाहिजे होतं असं नाही."

परतताना ट्रकमध्ये ते बूड मांडीवर धरून बसलो होतो. एक जोरात खड्डा आला असता तर प्रश्न मिटला असता. असं मनात आलं. ड्रायव्हर नेमका जपून चालवणारा निघाला.

पुढच्या सुटीत मी नागपूरला गेलो. धंतोलीत सरांच्या दोन खोल्या. खाटेवर, टेबलावर, खिडकीत प्रुफांचे गठ्ठे. सर उत्साहात होते. त्यांनी मला मेघ असलेलं पान काढून दाखवलं, छपाई किती सुबक आलीय ते दाखवलं. चहा झाला. मग मी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं बूड काढलं आणि काय आहे ते सांगितलं.

सरांनी खापर हातात घेतलं, दिव्याखाली नेलं. मी आरसा धरला. चष्मा काढून, डोळा आरशाला टेकेल इतक्या जवळून ते पाहत राहिले. मग त्यांनी माझी उलटतपासणी सुरू केली.

"साल इथेच उडाली नसेल कशावरून?"

"कडा अखंड आहेत, सर. तुटली असती तर माती उघडी पडली असती."

"एकच नाणं म्हणजे साच्यातली चूक असू शकते."

"दोन आहेत. साचे वेगवेगळे आहेत. बैलाच्या वशिंडावरून कळतं." ते दोन ठसे कोणत्या नाण्यांचे ते मी संग्रहालयातल्या नाण्यांशी जुळवून आणलं होतं, मागच्या बैलाच्या बाजूसकट. सर असं विचारणार हे मला ठाऊक होतं.

"पुदिन्याला पाणी घालत होते म्हणालास."

"मधला दात बघा, सर."

त्यांनी मधला दात पाहिला. मग खापर हळूच फडक्यावर ठेवलं.

"वसंता," ते म्हणाले, "ती टाकी झाली तेव्हाच तुझं काम संपलं होतं. पुन्हा कशाला गेलास?"

"मडक्याचं वर्णन राहिलं होतं, सर."

ते हसले. मोकळं हसले. मग त्यांनी मेघ असलेलं पान समोर ओढलं, चाचपून लाल शाई घेतली आणि मला म्हणाले, "बोट ठेव. मला नेमकी मात्रा दिसत नाही." मी बोट ठेवलं. त्यांनी माझ्या बोटाच्या नखाला टेकवून एक तिरपी रेघ मारली.

"छापखान्याला तार कर, थांबा म्हणावं," ते म्हणाले. "प्रस्तावना नव्याने लिहावी लागेल."

"नुसती टीप दिली तर, सर? मेघ ठेवायचं आणि खाली लिहायचं की नाण्यावर मघ दिसतं."

"तू परीक्षेत असं उत्तर लिहिलं असतंस तर मी किती मार्क दिले असते?"

त्यांनी गठ्ठ्यातून प्रस्तावनेची पानं शोधायला सुरुवात केली. दिसत नव्हती, म्हणून बोटांनी कागद मोजत होते. मी शोधून दिली.

प्रस्तावना पुरी झाली नाही. सरांची नजर त्याआधी गेली, आणि पुढे सरही गेले. पुस्तक आलं ते त्यांच्या विद्यार्थ्यांनी काढलं, प्रस्तावनेच्या पहिल्या काही पानांसकट. त्यात जिथे लेखणी थांबली तिथेच मजकूर थांबतो, वाक्यसुद्धा पुरं नाही. आत श्लोकात मघ छापलं आहे. खाली टीप आहे की हा पाठ भिलाई येथे मिळालेल्या मडक्याच्या खापरावरील ठशावरून निश्चित केला.

मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. नोकरीत एक गोष्ट कळली. पुरावा शोधणारे पुष्कळ असतात. तो ज्याला नको आहे त्याच्या घरी नेऊन द्यायचं काम मात्र कुणाच्याही नेमणुकीच्या कागदात लिहिलेलं नसतं, आणि ते सहायकाकडे येतं.

जुन्या नाण्यांचा संस्कृतला नेमका काय उपयोग, असं लोक मला भाषणांनंतर विचारतात. मी सांगतो, एक मात्रा कमी झाली. एवढंच? म्हणतात. मी हो म्हणतो आणि घरी येतो.